गेम लावला की पीसी रिस्टार्ट : अमळनेरच्या एका घरातलं प्रकरण

मशीन असं : इंटेल कोअर आय५-१२४००एफ, एनव्हिडिया आरटीएक्स ३०७०, डीडीआर४-३२०० रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या, एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॅटचा एसएमपीएस (पीसीच्या भागांना वीज पुरवणारा आतला डबा). वापरणारा कॉलेजचा विद्यार्थी. घर अमळनेरच्या जुन्या वस्तीतलं, महिना मे. गेम सुरू केला की कधी दहा मिनिटांत, कधी दीड तासाने स्क्रीन काळी पडायची आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, आवाज अडकणं नाही. ब्राउझर, यूट्यूब, कॉलेजचे प्रोजेक्ट यांत एकदाही असं झालं नव्हतं.

‘फक्त गेममध्येच होतं’ एवढं ऐकलं की समोरचा माणूस ग्राफिक्स कार्ड किंवा एसएमपीएस म्हणून मोकळा होतो. इथेही तेच झालं. विंडोज नव्याने टाकलं, ड्रायव्हर बदलले, रॅम काढून तिचे पिन खोडरबरने घासले (हा उपाय आपल्याकडे तापावरच्या गोळीसारखा सगळ्याला चालतो), थर्मल पेस्ट बदलली. शेवटी ६५० च्या जागी ७५० वॅटचा एसएमपीएस बसवला. दुकानात मशीन दिवसभर चाललं, एकदाही रिस्टार्ट नाही. घरी आणलं आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

दुकानात चालतं आणि घरी चालत नाही, हा तक्रारीतला सगळ्यात मोठा पुरावा होता. दुकानदाराने त्याचा अर्थ ‘मशीन ओके आहे’ असा लावला आणि विषय सोडला. मशीन खरंच ओके असेल, तर दुकान आणि घर यांत काय बदललं, हे तपासायला हवं होतं.

नोंदी काय सांगतात

स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टीम. प्रत्येक रिस्टार्टच्या वेळी तिथे कर्नल-पॉवर ४१ ही नोंद होती आणि जोडीला ‘मागचं शटडाउन अनपेक्षित होतं’ सांगणारी ६००८. पुष्कळ जण ४१ हा आकडा वाचून त्याचा उपाय शोधत बसतात. ४१ चा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. ते का, हे विंडोजलाही ठाऊक नसतं. उपयोगाची माहिती त्या नोंदीच्या डिटेल्स टॅबमध्ये असते. तिथे बगचेक कोड ० होता आणि पॉवर बटन टाइमस्टॅम्पही ०. पहिल्या शून्याचा अर्थ, विंडोजला क्रॅशची नोंद करायलाही वेळ मिळाला नाही. दुसऱ्याचा अर्थ, कुणी पॉवरचं बटण दाबून धरलं नव्हतं.

निळी स्क्रीन क्षणात येऊन निसटत तर नाही ना, याचीही खात्री केली. रनमध्ये एसवायएसडीएम डॉट सीपीएल, ॲडव्हान्स्ड टॅब, स्टार्टअप अँड रिकव्हरी, आणि तिथली ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची खूण काढली. तरीही निळी स्क्रीन दिसलीच नाही आणि विंडोज क्रॅशची माहिती जिथे साठवतं त्या मिनिडंप फोल्डरात एकही फाइल आली नाही. व्हीया-लॉगरची नोंद नव्हती, म्हणजे प्रोसेसरने हार्डवेअरची घातक चूक नोंदवली नव्हती. डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडून सावरल्याची ४१०१ ही नोंदही नव्हती. रॅम किंवा ड्रायव्हर दोषी असते तर यांतलं काहीतरी, आणि बहुधा दर वेळी वेगळं, सापडलं असतं. इथे सगळी पाटी कोरी. चालत्या मशीनची वीजच जाते तेव्हा पाटी अशी कोरी राहते.

उष्णतेचा संशय खानदेशात मे महिन्यात घ्यावाच लागतो. बाहेर ४३-४४ अंश, खोलीत ३९. एचडब्ल्यूइन्फो या तापमान-वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने दर दोन सेकंदांनी नोंद ठेवत तासभर गेम चालवला. प्रोसेसर ८१ पर्यंत, ग्राफिक्स कार्ड ७८, त्याचा हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) ९१. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आणि आरटीएक्स ३०७० ची ९३. आकडे सुखाचे नाहीत, पण मर्यादेच्या आत आहेत. शिवाय तापलेला प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो. तेवढ्याने भागलं नाही तर मशीन बंद पडतं आणि सहसा बंदच राहतं. लगेच उठून पुन्हा सुरू होणं हे उष्णतेचं लक्षण नाही. नोंदींत रिस्टार्टच्या आधी वेग कुठेही घसरलेला नव्हता.

मॉनिटरही बंद होतो का?

हा प्रश्न तोपर्यंत कुणी विचारलाच नव्हता. रिस्टार्ट होताना स्क्रीन काळी होणारच, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. बघायचा असतो तो मॉनिटरचा छोटा दिवा. दोष पीसीच्या आत असेल तर मॉनिटरला वीज मिळत राहते, दिवा तेवतो, फार तर ‘नो सिग्नल’ येतं. दिवाच विझला तर गडबड पीसीच्या बाहेर, दोघांना मिळून वीज येते तिथे आहे.

मुलाला सांगून मोबाइल एका डब्याला टेकवून ठेवला. चौकटीत तीन गोष्टी यायला हव्या होत्या : मॉनिटरचा दिवा, कॅबिनेटच्या पंख्याचा प्रकाश आणि टेबलाखालच्या ६०० व्हीए यूपीएसचा दिवा. साधा ३० फ्रेमचा व्हिडिओ पुरतो, एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद पडतात. दुसऱ्याच संध्याकाळी रिस्टार्ट पकडला गेला. चित्र फ्रेमफ्रेमने पुढे नेलं की दिसायचं ते असं : आधी यूपीएसच्या रिलेची ‘टक’, हिरवा दिवा पिवळा, मग सुमारे दीड सेकंद सगळं सुरळीत, गेमही चालू. त्यानंतर मॉनिटरचा दिवा, कॅबिनेटचा प्रकाश आणि यूपीएस एकदमच अंधारात. लगेच यूपीएस पुन्हा हिरवा आणि पीसी बूट होतोय.

त्या दीड सेकंदाने ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि दोन्ही एसएमपीएस निर्दोष ठरवले.

सोबत एका वहीत रिस्टार्टची वेळ आणि घरात त्या वेळी काय चालू-बंद झालं, एवढंच लिहायला सांगितलं होतं. सगळ्या नोंदी संध्याकाळी साडेसहा ते रात्री अकरा या वेळेतल्या. मुलाच्या आईने मात्र वहीची वाट पाहिली नव्हती. तिचं म्हणणं पहिल्यापासून एकच : “कूलर लावा का तुनं कंप्युटर बंद पडस.”

यूपीएस का कोसळायचा

६०० व्हीए हा आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो, ३६० वॅट हा बारीक अक्षरात. हिशेब वॅटचा करायचा. गेममध्ये ग्राफिक्स कार्ड २२०, प्रोसेसर ६५-७०, बोर्ड-पंखे-एसएसडी मिळून ५० च्या आसपास, म्हणजे एसएमपीएसच्या बाहेर साधारण ३४० वॅट. एसएमपीएसची कार्यक्षमता धरली तर भिंतीतून ३९० आणि मॉनिटरचे ३० मिळून ४२०. डेस्कटॉपवर हेच सगळं ८०-९० वॅटमध्ये भागतं.

यूपीएस लाईटवर असतो तेव्हा तो वीज नुसती पुढे सोडतो, म्हणून ४२० वॅटचा भार महिनोन्‌महिने खपून जातो. बॅटरीवर जायची वेळ येते तेव्हाच उघडं पडतं. ३६० वॅटच्या यंत्रावर ४२०, आणि आत १२ व्होल्ट ७ एएचची एकच बॅटरी. एवढ्या भाराला तिच्यातून ४० अँपिअरच्या वर प्रवाह ओढला जातो. नव्या बॅटरीचाही त्यात दम निघतो, आणि ही तीन उन्हाळे काढलेली. सीलबंद शिसे-आम्ल बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. उन्हाळ्यात ३९-४० अंशांच्या खोलीत टेबलाखाली ठेवलेल्या यूपीएसची बॅटरी दोन वर्षांनंतर संशयितच समजावी.

तपासायला १०० वॅटचा पिवळा बल्ब पुरतो. यूपीएसला फक्त तो लावायचा, भिंतीतला प्लग काढायचा आणि घड्याळ बघायचं. धडधाकट ७ एएच बॅटरी हा बल्ब पंधरा मिनिटं तरी पेटता ठेवते. इथे तो अर्ध्या मिनिटाच्या आतच विझला.

यूपीएस बाजूला काढून पीसी थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला. रिस्टार्ट एकदम कमी झाले, पण बंद झाले नाहीत. खोलीतला कूलर सुरू करताना अजूनही अधूनमधून व्हायचेच. बरेच जण इथे फसतात. मोठा दोष सापडला की उरलेला ‘किरकोळ’ वाटतो. खरं तर मूळ दोष अजून भिंतीतच होता. यूपीएस बॅटरीवर जातच का होता, याचं उत्तर मिळालं नव्हतं.

कमी व्होल्टेज आणि तुटक वीज

संध्याकाळी सॉकेटवर १९० ते २०० व्होल्ट मिळत होते, पहाटे २३२. घरच्यांनी लगेच स्टॅबिलायझर घ्यायचं ठरवलं. तो घेऊ दिला नाही. ॲक्टिव्ह पीएफसी (येणारा प्रवाह आवरणारं सर्किट) असलेला आजचा एसएमपीएस सहसा १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही चालतो. व्होल्टेज कमी झालं तर तो जास्त प्रवाह ओढतो, एवढंच. मॉनिटर धरून २३० ला १.८ अँपिअर, १९० ला २.२. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर (वीज क्षणभर साठवणारा भाग) ३८० व्होल्टच्या आसपासच दाब राहतो. १९० व्होल्टमुळे पीसी रिस्टार्ट होत नाही. वीज काही मिलिसेकंद तुटली तर होतो. आणि रिलेचा स्टॅबिलायझर व्होल्टेजची पायरी (टॅप) बदलताना स्वतःच क्षणभर वीज तोडतो.

फक्त गेममध्येच का, याचं उत्तर त्या कपॅसिटरमध्येच आहे. समजा तो ३९० मायक्रोफॅरडचा आहे आणि ३८० वरून ३०० व्होल्टपर्यंत उतरेतो एसएमपीएस तग धरतो. त्यात वापरण्याजोगी ऊर्जा सुमारे १०.६ ज्यूल. गेममध्ये ३४० वॅट लागतात, म्हणजे ती ३१ मिलिसेकंदांत संपते. डेस्कटॉपवर ५५ वॅट, म्हणजे १९० मिलिसेकंद. ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. तीन आवर्तनं वीज तुटली तर डेस्कटॉपवर बसलेल्याला काहीही कळत नाही, गेम खेळणाऱ्याचा पीसी बसतो. दोष दिवसभर असतो, गेम तो फक्त उघड करतो.

वीज जाते तर मशीन बंद का पडत नाही, रिस्टार्ट का होतं, हाही प्रश्न आला. १२ व्होल्टची रेल (एसएमपीएसमधून भागांना जाणारा पुरवठा) घसरू लागली की एसएमपीएस ‘पॉवर गुड’ सिग्नल काढून घेतो आणि मदरबोर्ड रिसेट होतो. वीज लगेच परतली की सिग्नल परततो आणि बूट सुरू. शिवाय वीज परतल्यावर मशीनने काय करावं, याची सेटिंग बायोसमध्ये असते. इथे ती ‘पॉवर ऑन’वर होती, त्यामुळे पूर्ण वीज गेली असती तरी मशीन आपोआप उठलंच असतं.

सॉकेटवरचं मोजमाप

मल्टिमीटरचा आकडा सेकंदातून दोन-तीनदा बदलतो. ५० मिलिसेकंदांची तूट त्यात दिसत नाही. म्हणून पुन्हा पिवळा बल्ब, या वेळी ६० वॅटचा, त्याच बोर्डावर होल्डर लावून. एलईडी बल्ब घेऊ नये. त्याच्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर लहान तूट झाकून टाकतो. कूलरचं बटण दाबलं की बल्ब मंद व्हायचा, हे मोटरच्या सुरुवातीच्या ओढीमुळे अपेक्षितच. पण मधूनच तो दोन-तीनदा फडफडायचा, आणि ते अपेक्षित नाही.

मग मल्टिमीटर एसी रेंजवर ठेवून तीन मोजमापं, आधी कूलर बंद आणि पीसी डेस्कटॉपवर असताना, नंतर कूलर चालू आणि गेमही चालू असताना. फेज-न्यूट्रल २०१ वरून १९१. फेज-अर्थ २०३ वरून २०२. न्यूट्रल-अर्थ २ वरून ११. प्रोब चालू सॉकेटमध्ये जातात, म्हणून कॅट थ्री हा सुरक्षेचा दर्जा लिहिलेला मीटर हवा, पायात चप्पल हवी आणि एका वेळी एकच हात वापरावा. हे जमत नसेल तर वायरमनकडून करून घ्यावं.

हे तीन आकडे एकत्र वाचले की जागा सापडते. फेजकडून जवळपास पूर्ण दाब येतोय, कारण फेज-अर्थ हललेलंच नाही. सगळी घसरण न्यूट्रलच्या बाजूला झाली आहे. न्यूट्रलवर ९ व्होल्ट वाढले, प्रवाह ३ अँपिअरच्या आसपास, म्हणजे वाटेत कुठेतरी ३ ओहमचा अडथळा. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या १५ मीटर वायरीत तो पाव ओहमच्या थोडा वर येतो. ३ ओहममधून ३ अँपिअर म्हणजे एका जोडावर २७ वॅट उष्णता, छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी. (या रीतीला अर्थिंग निदान बरं लागतं. इथे ते होतं. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेल्या घरात फेज-अर्थचा आकडा फसवा येतो. अशा घरी खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओतून दुसऱ्या दिवशी मोजावं.)

टेस्टरने यातलं काहीच सापडलं नसतं. टेस्टर फेज दाखवतो, न्यूट्रल सैल असल्याचं सांगत नाही.

वायरमनने मेन बंद करून बोर्डाची शीट खोलली. घराची जुनी वायरिंग ॲल्युमिनियमची. बोर्ड वाढवताना न्यूट्रलला तांब्याची वायर नुसती पीळ देऊन जोडलेली, वर इन्सुलेशन टेप. टेप तपकिरी होऊन भुग्यासारखी सुटली. खाली ॲल्युमिनियमवर राखाडी थर आणि तांबं काळवंडलेलं. ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे तापून-थंड होऊन पीळ सैल होतो. त्याच्या पृष्ठभागावर चढणारं ऑक्साइड वीज वाहू देत नाही. सैल झाला की तापतो, तापला की आणखी सैल होतो. कूलर सुरू होताना एकदम मोठा प्रवाह आला की जोड क्षणभर तुटायचा, ठिणगी पडायची, पुन्हा जुळायचा. त्या तुटीवर यूपीएस बॅटरीवर उडी मारायचा आणि दीड सेकंदात मान टाकायचा.

हा जोड पीसीपेक्षा घरासाठी जास्त धोक्याचा होता. लाकडी बोर्डाच्या मागे २७ वॅटची उष्णता म्हणजे आगीची तयारीच.

काय बदललं

तो जोड कापून टाकला. एमसीबी पेटीतून पीसीसाठी २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची फेज आणि न्यूट्रल, सोबत अर्थ, मध्ये कुठेही जोड न देता थेट नव्या १६ अँपिअर सॉकेटला आणली. त्यावर १६ अँपिअरचा वेगळा एमसीबी. कूलर जुन्याच बोर्डावर राहिला, पण तिथला न्यूट्रलही पितळी कनेक्टर वापरून नव्याने बांधला. पुन्हा मोजलं तेव्हा पूर्ण भारावर न्यूट्रल-अर्थ ३ व्होल्टच्या आत होतं.

यूपीएस लगेच घेतला नाही. आधी वायरिंग एकटी तपासून घ्यायची होती. नंतर घेताना बघायचं ते एवढंच : वॅट किमान ५५० आणि बॅटरीवर असताना बाहेर येणारी लहर शुद्ध साइन. स्वस्त यूपीएस पायऱ्यांसारखी लहर देतात आणि ॲक्टिव्ह पीएफसीचे काही एसएमपीएस त्यावर अडून बसतात. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागची कळ बघावी. ‘नॉर्मल’ मोडमध्ये तो खूप खालच्या व्होल्टेजपर्यंत लाईटवरच राहतो आणि बॅटरीवर जायला वेळ घेतो. ‘यूपीएस’ मोडमध्ये बदल पटकन होतो. पण संध्याकाळी १८० च्या खाली जाणाऱ्या भागात या मोडमध्ये इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर राहतो, हा हिशेब धरूनच कळ फिरवावी.

मॉनिटरचा दिवा विझला नसता, तर तपास दुसऱ्या बाजूने गेला असता. आरटीएक्स ३०७० च्या दोन ८-पिन सॉकेटना एकाच केबलची दोन तोंडं लावलेली असतील तर आधी दोन वेगळ्या केबल लावायच्या. मग आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डाच्या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून बघायचं. एवढ्याने रिस्टार्ट थांबले तर बोट एसएमपीएसकडे जातं, कारण क्षणिक उसळीच कमी होतात. ते खात्रीचं नाही, कारण अशक्त यूपीएसवरही हाच उपाय लागू पडल्यासारखा दिसतो. रॅमसाठी एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) बंद करून मेमटेस्ट८६ ची चार चक्रं. फरमार्क या ग्राफिक्स कार्डावर भार टाकणाऱ्या चाचणीवर फार विसंबू नये. ती स्थिर भार देते, गेममधला भार दर फ्रेमला उसळतो आणि पडतो.

दुरुस्तीनंतरची चाचणी मुद्दाम संध्याकाळी आठ वाजता घेतली, व्होल्टेज १९२ असताना. फ्रेम लिमिट काढून गेम चालू, बोर्डावर पिवळा बल्ब, आणि कूलर वीस वेळा बंद-चालू. बल्ब मंद व्हायचा, फडफडला नाही. पुढे महिनाभर सिस्टीम लॉगमध्ये ४१ ची एकच नोंद पडली. त्या रात्री वादळात सगळ्या गल्लीचीच लाईट गेली होती आणि नवा यूपीएस अजून यायचा होता. जुना यूपीएस नवी बॅटरी टाकून राउटरला लावला आहे. त्याचा भार जेमतेम १२ वॅट.